सटवाईच्या आधी लिहिलेला नकाशा

मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडची जुनी समजूत. अजूनही कित्येक घरांत त्या रात्री पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. तिने काय लिहिलं ते कुणालाच वाचता येत नाही, त्यामुळे वादही होत नाहीत. पण कपाळाच्या हाडामागे, जेमतेम बोटभर आत, एक लिखाण खरोखर असतं आणि ते सटवाई यायच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. ते कोण लिहितं, कधी लिहितं आणि त्यातलं किती पुसता येतं, यावर शास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडले. त्या भांडणाची ही गोष्ट आहे.

आधी कागदाबद्दल. मेंदूच्या सगळ्यात वरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. जाडी दोन ते चार मिलिमीटर. तो चुरगळून कवटीत कोंबलेला असतो. इस्त्री करून पसरला तर साधारण वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढा होईल. बघणं, ऐकणं, स्पर्श, हालचाल, भाषा ही सगळी कामं या पानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत चालतात. नुसत्या डोळ्यांनी मात्र हे पान सगळीकडे सारखंच दिसतं. अपवाद एकच. १७७६ साली इटलीतल्या पार्मा शहरात फ्रान्चेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मेंदूच्या मागच्या भागात, कापलेल्या पृष्ठभागावर, एक बारीक पांढरी रेघ दिसली. ती बाकी कुठेच नव्हती. दृष्टीचं काम तिथे चालतं, हे कळायला पुढे शंभरेक वर्षं जायची होती. मला हा जेन्नारी फार आवडतो. त्याने अर्थ माहीत नसताना रेघ नोंदवून ठेवली.

पुरा नकाशा काढला तो कोर्बिनियान ब्रॉडमन या जर्मन डॉक्टरने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बर्लिनमध्ये ओस्कार फोग्टच्या प्रयोगशाळेत बसून मेंदूचे पातळ काप करायचा, ते निस्सलच्या पद्धतीने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची दाटी, आकार, थरांची जाडी बघत राहायचा. कुठे चौथा थर जाड, कुठे तो जवळजवळ गायब, कुठे पाचव्या थरात अवाढव्य पेशी. जिथे ठेवण बदलते तिथे त्याने सीमा आखली आणि प्रत्येक भागाला आकडा दिला. १९०९ साली त्याचं पुस्तक लाइपझिगहून निघालं. आकडे ५२ पर्यंत जातात. मधले काही माणसाच्या नकाशात सापडतच नाहीत, कारण ब्रॉडमन माकडं, लेमूर आणि इतर सस्तन प्राणीही तपासत होता आणि क्रमांकांची यादी सगळ्यांची मिळून एकच होती. जेन्नारीची रेघ आहे तो भाग १७. हालचालींचा भाग ४.

बर्लिन विद्यापीठाने त्याचा प्राध्यापकीसाठीचा प्रबंध नाकारला. तो ट्युबिंगेनला गेला, शेवटी म्युनिचला. घरात नुकती मुलगी जन्मली होती आणि १९१८ च्या ऑगस्टमध्ये जंतुसंसर्गाने तो गेला, वयाच्या ४९ व्या वर्षी. आज जगात कुठेही मेंदूचा स्कॅन वाचताना लोक त्याचेच आकडे वापरतात.

आता यातली अडचण बघा. मेंदूचे भाग वेगळे आहेत हे एकदा मान्य झालं की पुढची उडी मारायला माणसं टपलेली असतात: मग माणसामाणसांत, वंशावंशांत हे भाग लहान-मोठे असणार आणि ते डोक्याच्या बाहेरून मोजता येणार. ब्रॉडमनच्या शंभर वर्षं आधी फ्रान्झ योझेफ गाल कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगत होता. ब्रॉडमननंतर बर्लिनमध्येच ऑयगेन फिशर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ कवट्यांवरून गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहत होता. त्याच्या हाताखाली १९२० च्या दशकाच्या शेवटी पुण्याहून एक विद्यार्थिनी पीएचडीला आली. इरावती कर्वे. फिशरचा कयास असा की युरोपीय कवट्यांमध्ये डाव्या-उजव्या बाजूंतला फरक जास्त असणार, कारण तर्कबुद्धीचा पुढचा भाग एका बाजूला जास्त वाढलेला असणार. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या भूभागांतल्या कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असं आपल्या प्रबंधात लिहिलं. स्वतःच्या मार्गदर्शकाला, त्याच्याच संस्थेत, त्या काळातल्या जर्मनीत. ‘युगान्त’ आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे धाडस कमी लोकांना माहीत असतं.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर माझ्या भाचीचं ऐका. ती सहावीत असताना एका क्लासवाल्यांनी तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि बहिणीकडून काही हजार रुपये घेऊन रंगीत छापील रिपोर्ट दिला. त्यात मेंदूच्या प्रत्येक भागाला टक्के दिले होते आणि गणिताच्या भागाला कमी टक्के होते. युक्तिवाद असा की बोटांवरच्या रेषा आणि मेंदूचे भाग गर्भात एकाच सुमारास घडतात, म्हणून एकावरून दुसरं कळतं. हे म्हणजे इमारतीचं प्लास्टर आणि वायरिंग एकाच महिन्यात झालं, म्हणून भिंतीकडे बघून फ्रिजमध्ये काय आहे ते सांगण्यासारखं. पण बहीण मला म्हणाली, “अरे दादा, पण गर्भातच ठरतं हे तर खरंय ना?” तिचा प्रश्न रास्त होता. तो रिपोर्ट कचऱ्यात टाकता येतो, प्रश्न टाकता येत नाही.

गर्भात कॉर्टेक्सची सुरुवात एका पातळ पापुद्र्याने होते. पोकळीभोवती पेशींचा एक थर असतो, त्या विभागत राहतात आणि नव्या चेतापेशी बाहेरच्या दिशेने चढत जातात. चढायला त्यांना लांबच लांब पेशींच्या दोऱ्या असतात. पास्को राकिच यांनी १९७० च्या दशकात माकडांच्या गर्भात हे चढणं दाखवलं. सुरुवातीच्या या पापुद्र्यात ब्रॉडमनची एकही सीमा दिसत नाही. मग ती येते कुठून?

१९८८ साली राकिच यांनी उत्तर मांडलं: नकाशा त्या पापुद्र्यातच आहे. खालच्या पेशींना आपापला पत्ता माहीत असतो, आणि त्यांची पिलावळ सरळ वर चढते म्हणून तोच नकाशा वर उमटतो. त्यांनी याला ‘प्रोटोमॅप’ म्हटलं, आदिनकाशा. पुरावा म्हणून त्यांच्याकडे माकडांवरचे प्रयोग होते. गर्भातच डोळे काढून टाकलेल्या माकडांमध्ये १७ वा भाग लहान होतो, पण नाहीसा होत नाही. त्याचे थर आणि त्याची सीमा ओळखता येते. (हे प्रयोग वाचताना पोटात कालवतं, आणि कालवावं. या विषयातलं जवळजवळ सगळं ज्ञान प्राण्यांच्या शरीरातून आलेलं आहे.)

पुढच्याच वर्षी डेनिस ओलेरी यांनी उलट बाजू मांडली. त्यांच्या मते कॉर्टेक्स सुरुवातीला जवळजवळ कोरा असतो. त्याला भाग पाडतात ते थॅलॅमसकडून येणारे तंतू. थॅलॅमस हे मेंदूच्या मध्यभागातलं जंक्शन; डोळ्यांचा, कानांचा, त्वचेचा निरोप तिथूनच कॉर्टेक्सकडे सुटतो. जिथे डोळ्यांचे तंतू पोचतील तो भाग दृष्टीचा होईल, असा हा विचार. उंदराच्या मिशांमुळे याची परीक्षा घेता येत होती. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये प्रत्येक मिशीसाठी पेशींचं एकेक गोल पिंप असतं, मिशा जशा ओळीत तशीच पिंपंही ओळीत; १९७० साली ती वूल्सी आणि व्हान डर लोस यांनी शोधली. १९९१ साली ब्रॅडली श्लागर आणि ओलेरी यांनी गर्भातल्या उंदराच्या दृष्टीच्या भागाचा तुकडा काढून नवजात पिल्लाच्या स्पर्शाच्या जागी बसवला. तिथे मिशांची पिंपं तयार झाली.

याच बाजूने सगळ्यात गाजलेला प्रयोग आयआयटी कानपूरहून अमेरिकेत गेलेल्या मृगांक सूर यांचा. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी. त्याची पिल्लं फार अपरिपक्व जन्मतात, त्यामुळे जन्मानंतरही वायरिंग बदलता येतं. सूर आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांचे तंतू कानांच्या वाटेला वळवले. १९८८ साली त्यांनी दाखवलं की श्रवणाच्या कॉर्टेक्समधल्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतात. २००० साली आणखी पुढचं: त्या भागात दृष्टीच्या कॉर्टेक्ससारखी, तिरक्या-उभ्या रेषा ओळखणाऱ्या पेशींची मांडणी आली, जरा विस्कटलेली, पण आली. आणि त्या फेरेटना तिथून दिसतही होतं.

१९९० च्या सुमाराला कुणी विचारलं असतं तर मी ओलेरींच्या बाजूने पैज लावली असती. ‘जन्माने काही ठरत नाही’ हे ज्याला मनापासून पटतं त्याला हा विचार आवडणारच. पण आवडणं हा पुरावा नसतो. १९९४ साली फ्रान्समधल्या एका गटाने असे उंदीर वापरले ज्यांच्या स्पर्शाच्या भागातल्या पेशी एका विशिष्ट खुणेने रंगतात. गर्भातून तो तुकडा काढून दुसरीकडे लावला तरी तो आपली मूळ खूण दाखवत राहिला. पेशींना गाव आठवत होतं.

खरा पालट झाला तो जनुकं बघता यायला लागल्यावर. एखादं जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं, पण चालू सगळीकडे नसतं. चालू असेल तिथे त्याच्या आरएनए प्रती सापडतात. त्या प्रतींना चिकटणारा, रंग सोडणारा पूरक धागा तयार करून गर्भाच्या पातळ कापावर सोडला की चालू जनुकाची जागा जांभळी होते. मी ही चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा निराश झालो होतो, कारण ब्रॉडमनच्या सीमा कुठेच नव्हत्या. एका कडेला गडद जांभळा, दुसऱ्या कडेपर्यंत फिका होत गेलेला. पॅक्स६ हे जनुक पुढे आणि बाजूला गडद, मागे फिकं. ईएमएक्स२ बरोबर उलट, मागे गडद. पत्ता लिहायचा तर घर नंबर हवा. इथे नुसता उतार.

मग लक्षात येतं की उतारानेही पत्ता सांगता येतो. सावंतवाडीहून निघून गोंदियापर्यंत चालत गेलात तर मालवणी कुठे संपली आणि वऱ्हाडी कुठे सुरू झाली, याची पाटी कुठेही लागणार नाही. दर बारा कोसांवर भाषा थोडीशी बदलते. तरी एखाद्याचं बोलणं दोन मिनिटं ऐकून त्याचा जिल्हा सांगणारी माणसं असतात. ती एका शब्दावरून सांगत नाहीत. हा हेल इतका, तो प्रत्यय तितका, अशा मिश्रणावरून सांगतात. पेशीही तेच करते. पॅक्स६ इतकं, ईएमएक्स२ तितकं, आणखी दोन-चार जनुकं अमुक प्रमाणात, म्हणजे आपण इथे आहोत.

हे नुसतं सुंदर अनुमान राहिलं असतं, पण १९९९ ते २००१ या तीन वर्षांत एकामागून एक प्रयोग आले. जॉन रूबेन्स्टाइन यांच्या गटाने जीबीएक्स२ नसलेले उंदीर घेतले. त्यांच्यात थॅलॅमसचे तंतू कॉर्टेक्सपर्यंत पोचतच नाहीत. तरीही जन्माच्या वेळी कॉर्टेक्समध्ये जनुकांच्या प्रादेशिक सीमा जागच्या जागी होत्या. निरोप आलाच नाही आणि नकाशा तयार. दुसऱ्या वर्षी ईएमएक्स२ नसलेल्या उंदरांमध्ये मागचा दृष्टीचा भाग आक्रसलेला आणि पुढचे भाग मागे पसरलेले दिसले. पॅक्स६ बिघडलेल्यांमध्ये उलट. हा शोध दोन गटांनी लावला आणि त्यातला एक गट होता खुद्द डेनिस ओलेरी यांचा. अकरा वर्षांपूर्वी कोऱ्या कागदाची बाजू मांडणारा माणूस आता कागदावर आधीच लिहिलेलं दाखवत होता. विज्ञानाच्या इतिहासात असं व्हायला हवं असं सगळे म्हणतात, होताना क्वचित दिसतं.

तिसरा प्रयोग शिकागोचा, आणि तो मला सगळ्यात धीट वाटतो. ईएमएक्स२ आणि पॅक्स६ यांचा उतार मुळात कोण पाडतं? टोमोमी शिमोगोरी आणि एलिझाबेथ ग्रोव्ह यांचा संशय एफजीएफ८ या प्रथिनावर होता. ते मेंदूच्या अगदी पुढच्या टोकाला तयार होतं आणि मागे झिरपत जातं. त्यांनी गर्भार उंदरिणीला भूल देऊन साडेअकरा दिवसांच्या गर्भाच्या मेंदूत काचेच्या बारीक नळीने डीएनए सोडला, विजेचे हलके झटके देऊन तो पेशींत शिरवला आणि पोट परत शिवलं. पुढे एफजीएफ८ वाढवलं तर सगळ्या सीमा मागे सरकल्या. ते शोषून घेणारा रेणू घातला तर पुढे सरकल्या. आणि मागच्या टोकाला, जिथे ते कधीच नसतं तिथे, एफजीएफ८ चा नवा झरा काढला तेव्हा काही पिल्लांच्या कॉर्टेक्समध्ये मिशांचा दुसरा नकाशा उमटला. मिशा एकाच जोडीच्या, पिंपांची बाग दोनदा.

ग्रोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत त्याआधी काही वर्षं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून शिकून गेलेल्या शुभा टोळे काम करत होत्या. १९९८ साली या गटाने कॉर्टेक्सच्या आतल्या कडेला डब्ल्यूएनटी जातीची जनुकं एका अरुंद पट्टीत चालू असतात, असं दाखवलं. तिला नाव दिलं ‘कॉर्टिकल हेम’. हेम म्हणजे कापडाची दुमडून शिवलेली कड. लुगड्याचा काठ म्हणा हवं तर. या काठाला लागून हिप्पोकॅम्पस तयार होतो, आठवणींचं ठिकाण. टोळे पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या आणि समुद्रकाठच्या त्या इमारतीत हा काठाचा प्रश्न पुढे चालू राहिला. २००८ साली त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या एडविन मोनुकी यांच्याबरोबर ‘सायन्स’मध्ये निबंध छापला. एलएचएक्स२ हे जनुक ज्या पेशींत नाही त्या पेशी कॉर्टेक्स व्हायचं सोडून काठ होतात. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये मध्येच ठिकठिकाणी अशा पेशींचे ठिपके तयार केले, तर प्रत्येक ठिपका काठासारखा वागला आणि आपल्या शेजारच्या धडधाकट पेशींना त्याने हिप्पोकॅम्पस बनवलं. एका मेंदूत अनेक हिप्पोकॅम्पस. साध्या भाषेत, एलएचएक्स२ पेशीला सांगतं: तू काठ नाहीस, तू पदर आहेस. हे सांगायची वेळही ठरलेली आहे. साधारण साडेदहाव्या दिवसानंतर जनुक काढून घेतलं तर काठ बनत नाही. उंदराचं गरोदरपण जेमतेम एकोणीस दिवसांचं असतं, म्हणजे हा निर्णय अर्ध्या वाटेवरच झालेला असतो.

म्हणजे राकिच जिंकले? २०१३ साली ओलेरी यांच्याच प्रयोगशाळेने पुन्हा एक पेच टाकला. डोळ्यांचा निरोप आणणारे थॅलॅमसचे तंतू तेवढे जनुकीय युक्तीने काढून टाकले. दृष्टीचा इलाका होता तिथेच राहिला. पण त्या इलाख्याच्या आत, पहिल्यांदा निरोप घेणारा १७ वा भाग आणि त्याच्या शेजारचे पुढचं काम करणारे भाग, यांच्यातला जनुकीय फरक घडलाच नाही. उतार प्रांत ठरवतो. तालुक्यांच्या हद्दी आखायला तंतूंची गरज लागते. श्लागरच्या तुकड्यात पिंपं का आली आणि फ्रान्सच्या तुकड्याने गाव का विसरलं नाही, हे दोन्ही आता एकाच चित्रात बसतं.

‘मोठा भाग म्हणजे जास्त हुशारी’ या समजुतीचंही उत्तर याच उंदरांकडून आलं. ईएमएक्स२ चं प्रमाण कमी-जास्त करून काही उंदरांत स्पर्श आणि हालचालीचे भाग लहान केले, काहींत मोठे. मग त्यांना स्पर्शाची आणि तोल सांभाळायची कामं दिली. लहान भागवाले चुकले. मोठे भागवालेही चुकले. २००७ सालचा हा निष्कर्ष मी बहिणीला मेसेज करून पाठवला होता. पानाचा आकार तोच राहून एक कोपरा वाढला की त्याला जोडलेल्या बाकीच्या यंत्रणेशी त्याचं माप जुळत नाही, आणि टक्केवारीच्या रिपोर्टात हे जुळणं मोजायची सोयच नसते.

उंदरात दिसलं ते माणसात किती, हा प्रश्न उरतोच. २०११ साली येलमधल्या नेनाद शेस्तान यांच्या गटाने ५७ मृत व्यक्तींच्या मेंदूंमधून १३४० नमुने घेऊन कुठलं जनुक कुठे, कुठल्या वयात चालू असतं याची नोंद छापली. सहाएक आठवड्यांच्या गर्भापासून ऐंशी ओलांडलेल्यांपर्यंतचे मेंदू त्यात होते. तीन वर्षांनी त्याच गटाने कॉर्टेक्सच्या भागांची आपापसांत तुलना केली. गर्भात भागाभागांतला जनुकीय फरक सगळ्यात ठळक दिसला. मग लहानपणी तो इतका कमी होतो की सगळे भाग जवळजवळ सारखं बोलायला लागतात. वयात येताना फरक पुन्हा वाढतो आणि मोठेपणी तसाच राहतो. आलेखाचा आकार वाळूच्या घड्याळासारखा, मधे चिंचोळा. चिंचोळा भाग म्हणजे बाळपणापासून शाळेच्या वयापर्यंतची वर्षं. त्या वर्षांत मेंदूचे सगळे भाग एकाच कामात गुंतलेले असतात: चेतापेशींचे एकमेकींशी सांधे जोडणं, आणि मग त्यातले बरेच तोडणं.